मुलुंड ते बोरिवली, व्हाया डिझेल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत परदेश न पाहिलेली बाई शोधावी लागते. कुणी बालीला जाऊन येतं, कुणी दुबईला. परत आलं की आपल्या हातावर एक खजूर टेकवतात आणि मोबाईलमधले तीनशे फोटो बघायला लावतात. मीही गेल्या जानेवारीत मोठा प्रवास करून आले. मुलुंड ते बोरिवली. तीन दिवस लागले. हसू नका, आधी ऐका तर खरं.

मुलुंड आणि बोरिवली म्हणजे एका घरात पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन जावा. अंतर वीतभर, पण मधे नॅशनल पार्कचं जंगल. बिबळ्या आरपार जातो, माणसाला सगळ्या जंगलाला वळसा घालावा लागतो. आणि तो वळसा मी घातला माझ्या धाकट्या भावाच्या, विलासच्या, सत्तावीस वर्षं जुन्या डिझेल ट्रकमधून.

विलास त्या ट्रकमधून गाद्या आणि कापूस वाहतो. आम्ही मूळचे मालवणकडचे, म्हणून गाडीचं पासिंग गावाकडचं. मागच्या फळीवर लाल रंगात ‘येवा’ लिहिलेलं आहे. गेल्या डिसेंबरात पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, गाडी नापास झाली. काळाकुट्ट धूर. तो कागद नाही तर पुढचं पासिंग नाही आणि पासिंग नाही तर गाडी बंद. विलासची बायको वैशाली रोज जेवताना एकच पालुपद लावायची, “विकून टाका एकदाचा तो खटारा.” गोवंडीचा एक भंगारवाला शुक्रवारी बघायला येणार असं ठरलंसुद्धा. विलास पंचावन्न वर्षांचा. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही. तो दिवसभर गाडीभोवती घिरट्या घालायचा आणि जेवायला बसला की भातात नुसती बोटं फिरवत राहायचा. मला ते बघवेना.

मुलुंड, मंगळवार सकाळ

मंगळवारी सकाळी दुसऱ्यांदा तपासणी झाली. दुसऱ्यांदा नापास. गंमत म्हणजे आधी काळा येणारा धूर आता पांढरा येत होता, आणि दुप्पट. तपासणीवाल्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, “काका, टाकीत काय घातलंय काय?”

“काय पण नाय,” विलास म्हणाला.

मी शेजारी उभी होते. मी वर बघितलं.

तिथल्या तिथे निर्णय झाला. नाक्यावर एका ड्रायव्हरने सांगितलं होतं की अंधेरीत मरोळच्या बाजूला एक शेठ डिझेलमध्ये घालायचं जालीम औषध विकतो. विलास म्हणाला, “ताय, मी जाऊन येतो.” मी म्हटलं, “थांब, पिशवी घेऊन आले.” मी पालिकेच्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. औषध म्हटलं की लेबल वाचल्याशिवाय मला राहवत नाही, आणि विलास लेबल वाचणाऱ्यातला नाही.

ट्रकच्या केबिनमध्ये मी याआधी कधी बसले नव्हते. अहो, काय झकास दिसतं तिथून! आपण रिक्षातून जातो तेव्हा आपल्याला दिसतात दुसऱ्या रिक्षांची बुडं. केबिनमधून भिंतीपलीकडचं दिसतं. कांजूरच्या पुढे वळल्यावर एका कंपाउंडच्या आत कुणी वाफे करून मेथी लावलेली, पवईच्या तलावावर पाणकोंबड्या, पुलावरून जाताना पहिल्या मजल्यावरच्या बाईचा पोळीचा तवा. मी तिला हात केला, तिने लाटणं हलवलं. विलास म्हणाला, “ताय, जरा शोभेल असं वाग.” मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पवईला उकडलेल्या शेंगा घेतल्या आणि टरफलं डॅशबोर्डवर ठेवत आम्ही चढ चढलो. मागे आमच्या धुरात एक गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.

अंधेरी, मंगळवार दुपार

शेठचं दुकान म्हणजे कपाटभर रंगीत बाटल्या. निळी, लाल, सोनेरी झाकणाची. शेठ आमच्या मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांसारखंच गोड मराठी बोलणारा.

“बेन, हे टाका. धूर काय, वास बी नाय येणार. गाडी घोडा होऊन जाएल.”

“ह्याने नक्की होतं काय?” मी लेबल वाचत विचारलं. अक्षर मुंगीएवढं.

“नोजल साफ. पंपाला ताकद. मायलेज वाढे.”

“आणि नोजल खराब नसलं तर?”

शेठने माझ्याकडे जरा बघितलं. मग विलासला विचारलं, “गाडी किती जुनी?”

“सत्तावीस.”

“मग दोन बाटली घ्या.”

मी एकच घेतली. लेबलवर लिहिलं होतं, भरलेल्या टाकीत घाला. आमची टाकी पाव भरलेली. पुढच्या पंपावर टाकी भरू, मग बाटली ओतू, असं ठरवून आम्ही साकीनाक्याकडून घाटकोपरच्या बाजूला वळलो. असल्फाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि बंद पडली. मागे बसवाला, पुढे हातगाडीवाला, मधे आम्ही. वाट लागली!

विलासने दहा वेळा किल्ली फिरवली. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. “संपलं गो ताय,” म्हणाला. “शुक्रवारपर्यंत पण नाय टिकली.” पण मी मोठी बहीण. मी म्हटलं, “उठ मेल्या, रडतोस काय. घाटकोपरला तुझा तो पंपवाला मिस्त्री आहे ना? त्याला फोन लाव.”

वीस मिनिटांत मिस्त्रींनी एक टेम्पो पाठवला. त्याने टोचन लावून आम्हाला ओढत नेलं. केबिनमध्ये बसून, इंजिन बंद, दुसऱ्याच्या जिवावर उतार उतरायचा. खरं सांगू? त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं, पण मला जाम मजा आली.

घाटकोपर, मंगळवार संध्याकाळ ते बुधवार

गायकवाड मिस्त्री सत्तरीचे. डिझेलचा पंप खोलून, यंत्रावर लावून, थेंब मोजून परत बसवायचा हा त्यांचा धंदा. असले जुने पंप खोलणारे आता बोटावर मोजण्याइतकेच उरलेत. लहानसं गॅरेज, पण इतकं स्वच्छ की मला माझी लॅब आठवली. नोजल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, तपासायच्या मशीनवर एक छोटी बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर शेवंतीचं एक फूल.

त्यांनी टाकीखालचा बोल्ट सैल केला, काचेच्या बरणीत थोडं डिझेल घेतलं आणि बरणी फळीवर ठेवली.

“आता?” विलास.

“आता काय नाय. उद्या सकाळी बघू. ते स्वतःच सांगेल.”

मी मनात म्हटलं, वा! आम्ही लॅबमध्ये वेगळं काय करायचो? नमुना घ्या, ठेवा, बसू द्या.

मुलुंड तिथून हाकेच्या अंतरावर. पण विलास ट्रक सोडून हलायला तयार नाही आणि मी विलासला सोडून हलायला तयार नाही. शेवटी मिस्त्रींची बायको शोभाताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “नाटकं पुरे, वर या जेवायला.” भाकरी, सुकट, लसणाचा ठेचा. त्यांची सुकट कोरडी, लाल मिरची आणि लसूण ठासून घातलेली. आमच्याकडे सुकटीत ओलं खोबरं आणि कोकम नसेल तर पान उचलून परत देतील. मी तसं म्हटलं. शोभाताई म्हणाल्या, “खोबरं घातलं की माशाचा शिरा होतो.” ह्यावरून आमची जी जुंपली, ती थेट मी तिसरी भाकरी घेईपर्यंत. नारळ न घालता माणसं सुखी राहू शकतात हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

बुधवारी सकाळी बरणी बघितली. तळाला दोन बोटं पाणी. स्वच्छ रेघ. त्यावर धुरकट हिरवट थर आणि त्यात पांढरे कण तरंगत होते.

“पाणी समजलं,” मिस्त्री म्हणाले. “टाकी सदा अर्धी रिकामी ठेवतोस ना? वरची ओली हवा पत्र्याला लागते, पाणी होऊन खाली बसते. पण हे बाकीचं काय? विलास, खरं बोल.”

विलास पायाने जमीन उकरत म्हणाला, “टू-टी ऑइल. स्कूटरचं. अर्धा लिटर. सगळे ड्रायव्हर सांगतात, हल्लीच्या डिझेलमध्ये गंधक कमी केलंय, त्यामुळे पंपाला वंगण मिळत नाय.”

“गंधक कमी केलं हे खरं. पण वंगण कमी पडतं म्हणून ते डिझेल बनवणारेच दुसरं घालून देतात. तू घरून कशाला घालतोस? हॉटेलात आमटी मागवून खिशातलं मीठ टाकतोस का?” मिस्त्रींनी बरणी नाकाजवळ नेली. “आणि हा इस्पितळाचा वास कसला येतोय?”

आता माझी पाळी होती. विलास माझ्याकडे बघत होता.

“स्पिरिट,” मी म्हटलं. “रविवारी. एक बाटली. स्पिरिट पाणी धरून ठेवतं, म्हटलं पाणी असेल तर जाईल.”

“ताय! मला न सांगता?”

“तू मला सांगितलंस?”

“ताई,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “स्पिरिटने डिझेल पेटायचं तेवढं पेटत नाय. अर्धं जळतं, उरलेलं पांढरा धूर होऊन बाहेर येतं. तुम्ही शिकलेल्या म्हणून जास्त राग येतोय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आले की डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध घेऊ नका.

मग टाकी उतरवली. तिच्या तोंडातली जाळी कधीच तुटलेली. मिस्त्रींनी आत वाकडी तार घातली आणि काहीतरी ओढून बाहेर काढलं. पुरचुंडी! फ्लॅनेलच्या कापडाची, दोऱ्याने तीन वेढे देऊन बांधलेली, तान्ह्या पोराला सर्दी झाली की उशाशी ओव्याची ठेवतात तश्शी. सोडली तर आत डांबराच्या गोळ्या, अर्ध्या विरघळलेल्या. ती पुरचुंडी डिझेलच्या वाटेवर जाऊन बसली होती, म्हणून असल्फाच्या चढावर गाडीचा श्वास कोंडला.

विलास ते कापड हातात घेऊन बघतच राहिला. पिवळं, त्यावर बदकं. त्याच्या मुलीचं दुपटं. ती पोरगी आता बंगळुरूला नोकरी करते. घरात ते दुपटं कुठल्या ट्रंकेत आहे हे एकाच माणसाला माहीत.

त्याने वैशालीला फोन लावला, स्पीकरवर. “वैशाली, टाकीत गोळ्या तू टाकल्यास?”

पलीकडे कुकरची शिट्टी. मग वैशाली एकदम तावातावाने, “हो, टाकल्या! शेजारच्या भाभी म्हणाल्या, त्यांच्या गावी सगळे टाकतात, गाडी जोरात पळते. मग काय नुसतं बसून बघू? तुमचं तोंड बघवत नव्हतं मला. रोज भात चिवडत बसायचं.”

“पण तू तर विका म्हणत होतीस!”

“ते वेगळं,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मिस्त्री एवढे हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. “आयला, तिघांनी तीन काढे पाजले पेशंटला, आणि आजार विचारला नाय कुणी!” मी हसले, विलासही हसला. आठवड्याभरात पहिल्यांदा तो असा मनापासून हसत होता, डोळे पुसत.

आणि खरा आजार? तो निघाला भलत्याच ठिकाणी. मिस्त्रींनी इंजिनात हवा जाते तिथला फिल्टर उघडला आणि आतून हाताने कापूस काढायला लागले. ओंजळभर. दोन ओंजळी. विलास वर्षानुवर्षं कापूस वाहतोय, त्यातला उडून तिथे जाऊन बसला. एक बाळउशी झाली असती. हवाच मिळाली नाही तर डिझेल जळणार कसं, धूर काळाच येणार. “नाकात बोळा घालून पळायला लावलंस बिचारीला,” मिस्त्री म्हणाले.

दिवसभर काम चाललं. टाकी धुतली, नवी जाळी बसवली, फिल्टर बदलले, नोजल साफ केले, पंपातले जुने रबरी वायसर काढून हल्लीच्या डिझेलला चालतील असे घातले. मी नोजलमधून उडणारा फवारा बघत बसले. आधी प्रोस्टेटच्या पेशंटसारखा थेंब थेंब, नंतर धुक्यासारखा. टाळी वाजवावीशी वाटली, आणि मी वाजवली.

घाटकोपर, गुरुवार सकाळ

निघताना मिस्त्रींनी डिझेल कुठलं घ्यायचं ते सांगितलं. साधंच. महागातलं नको, ह्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. ज्या पंपावर गाड्यांची रांग असते तिथून, कारण तिथला साठा जुना होत नाही. टँकर खाली होत असेल तेव्हा नाही, तळाचा गाळ ढवळलेला असतो. आणि टाकी फुल.

“आणि ही?” मी शेठची बाटली पुढे केली.

त्यांनी लेबल वाचलं. “माल वाईट नाय. पण आज नाय. आज ओतलीत आणि गाडी सुधारली तर कुणामुळे सुधारली? बिघडली तर कुणामुळे बिघडली? एका वेळी एकच बदल, ताई. तुम्हाला मी सांगायचं?”

रांगेच्या पंपावर मी घनता मोजून दाखवायला सांगितलं. गिऱ्हाईक मागेल तर दाखवावी लागते. कामगार आधी वैतागला, मग त्याने काचेचं उभं नळकांडं आणि तरंगणारी काडी आणली. हायड्रोमीटर! पंधरा वर्षांनी हातात आला. मी पदर खोचला, नळकांडं डोळ्याच्या रेषेत धरलं, आकडा वाचला, थर्मामीटर बघितला, त्यांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. बरोब्बर जुळला. तोवर भोवती तीन ड्रायव्हर आणि एक रिक्षावाला जमलेला. “मावशी, आमचं पण बघा ना,” रिक्षावाला म्हणाला. त्याची रिक्षा गॅसवर चालते.

टाकी काठोकाठ भरली. इंजिन चांगलं तापल्यावरच तपासणी करा असं मिस्त्रींनी बजावलं होतं, म्हणून अंधेरीला पश्चिमेचा हायवे धरून सरळ उत्तरेला, बोरिवलीच्या तपासणीकडे निघालो. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड. उजव्या हाताला जंगलाचे डोंगर, वर निळं आभाळ. मी आरशात बघितलं. आमच्या मागे आभाळ दिसत होतं. विलासही आरशातच बघत होता. “रस्त्याकडे बघ,” मी म्हटलं, आणि पुन्हा आरशातच बघितलं.

बोरिवली, गुरुवार दुपार

बोरिवलीला पोचलो तेव्हा दुकानादुकानांत उंधियूच्या परातींभोवती गर्दी. आम्ही भीतीने काही खाल्लं नाही.

तपासणीच्या टपरीपुढे दोन गाड्या होत्या. विलास कागद घेऊन उतरला आणि मी केबिनमध्ये एकटी. आता खोटं कशाला बोलू? माझा हात पिशवीत गेला. एवढीशी बाटली. ओतली तर कुणाला कळणार? मी खाली उतरले, टाकीचं झाकण फिरवलं, बाटलीचं बूच काढलं.

“ताय.”

विलास मागे उभा.

“उद्या तो भंगारवाला येतोय रे,” मी म्हटलं. “मला भीती वाटते.”

“माका पण वाटता,” तो म्हणाला. त्याने माझ्या हातातून बूच घेतलं, बाटलीला लावलं, आणि टाकीचं झाकण स्वतः घट्ट केलं. “पण आता तिका काय पाजूया नको.”

तपासणीला एक तरतरीत मुलगी होती. तिने सायलेन्सरमध्ये नळी सारली आणि म्हणाली, “काका, मी सांगेन तेव्हा पूर्ण दाबायचं.” विलासने दाबलं. ट्रक गरजला. माझे डोळे मिटलेले. “परत.” परत गरजला. “अजून एकदा. अजून.” मला वाटलं ही पोरगी इंजिन फोडते आता. मग शांत झालं आणि छोट्या मशीनमधून कागद निघाल्याचा करकर आवाज.

“किती?” मी डोळे न उघडता विचारलं.

“मर्यादेच्या अर्ध्याच्या पण आत आहे, काकी. पास. काय घातलंत?”

“काय पण नाय,” विलास म्हणाला, आणि ह्या वेळी ते अगदी खरं होतं.

त्याने तो कागद दोन्ही हातांत धरला, आणि माझा पंचावन्न वर्षांचा भाऊ बोरिवलीच्या रस्त्यावर ट्रकच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर थापटत होते आणि स्वतःही रडत होते. ती मुलगी घाबरून पाण्याची बाटली घेऊन आली. “काकी, पास झालेत ना,” ती परत परत सांगत होती.

जरा सावरल्यावर त्याने वैशालीला फोन लावला. “पास,” एवढंच म्हणाला.

“बरं,” वैशाली म्हणाली. “मग रिकामे नका येऊ. घोडबंदरने या. ठाण्याला हॉस्टेलच्या चाळीस गाद्या उचलायच्यात, चारच्या आत. पत्ता पाठवते.”

विलास चक्रावला. “भाडं घेतलंस? कधी?”

“सोमवारी.”

“सोमवारी? अगं बाई, मंगळवारी नापास झाली ना गाडी!”

“मग?” वैशाली म्हणाली. “मी त्यांना गुरुवार सांगितला होता. मंगळवार कुठे सांगितला होता?”